रस्त्याच्या पाटीवरचे बोले

दादरहून सिद्धिविनायकाला पायी जाताना आपण सगळ्यांनीच एस. के. बोले मार्ग तुडवला आहे. पण हे बोले कोण, असं मुलांनी विचारलं की आपण गप्प! म्हणून ही छोटीशी ओळख.

सीताराम केशव बोले यांचा जन्म १८६८ चा, भंडारी समाजातला. मुंबईतल्या गिरण्यांमध्ये तेव्हा पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत राबावं लागे. या कामगारांसाठी १९०९ साली कामगार हितवर्धक सभा निघाली, तिच्या संस्थापकांत बोले होते. कोकणातल्या खोती पद्धतीविरुद्धही त्यांनी आवाज उठवला.

भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा त्यांच्या कौतुकासाठी सभा भरली. तिचे अध्यक्ष बोलेच होते. त्याच सभेत केळुसकर गुरुजींनी आपलं बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती ठेवलं.

पुढे बोले मुंबईच्या कायदे कौन्सिलात गेले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी मांडलेला ठराव तिथे संमत झाला. सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कोर्टं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. सरकारने सप्टेंबरात हुकूमही काढला. पण नगरपालिका आणि लोकल बोर्डांना नुसता सल्लाच दिला होता. बहुतेकांनी तो कागद बासनात गुंडाळून ठेवला.

महाड नगरपालिकेने मात्र सुरबानाना टिपणीसांच्या पुढाकाराने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळं सर्वांना खुलं केलं. तरीही गावातल्या विरोधापुढे तिथे पाणी घ्यायला जाणार कोण? ठराव झाला, पण घागर रिकामीच.

बोले इथे थांबले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या संस्था अंमल करणार नाहीत, त्यांचं सरकारी अनुदान बंद करा! पहिल्या ठरावाला जे दात नव्हते, ते त्यांनी दुसऱ्याला लावले.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो माणसांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यांच्या पाठीशी बोले यांच्या ठरावाचा आधार होता. त्या दिवशी लोकांना मार खावा लागला, नगरपालिकेने पुढे आपलाच ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं. म्हणजे पहिल्या ठरावापासून तब्बल चौदा वर्षं!

रावबहादूर बोले यांना दीर्घ आयुष्य लाभलं. घटनेने अस्पृश्यता बंद केलेली त्यांनी पाहिली, खोती रद्द करणारा १९४९ चा कायदाही पाहिला. १९६१ साली त्यांचं निधन झालं.

आपणही वार्षिक सभेत हात वर करून ठराव करतो, सेक्रेटरी ते वहीत उतरवतात, आणि पुष्कळदा ते वहीतच राहतात. बोले यांनी तीन वर्षांनी पुन्हा उभं राहून विचारलं, झालं का ते काम? पंचवीस वर्षं पूर्ण करताना आपल्या सोसायटीनेही त्यांच्याकडून एवढं घ्यायला हरकत नाही.