विश्लेषण : एका खेड्यातल्या फॅमिली डॉक्टरच्या वह्या इतिहास का ठरल्या? कोण होते डॉ. विल पिकल्स?

रुग्णालयांचा इतिहास जपणे तुलनेने सोपे असते. त्यांच्या इमारती असतात, नोंदवह्या असतात, भिंतीवर देणगीदारांच्या पाट्या असतात. फॅमिली डॉक्टरचे तसे नसते. दोन खोल्यांचा दवाखाना, एक कपाट आणि डॉक्टरची स्मरणशक्ती एवढाच त्याचा दफ्तरखाना. डॉक्टर निवृत्त झाला की कपाट रिकामे होते आणि चाळीस वर्षांची माहिती रद्दीत जाते. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात, एका दरीतल्या खेड्यांत आयुष्यभर दवाखाना चालवणाऱ्या डॉ. विल्यम नॉर्मन पिकल्स यांनी मात्र अशाच नोंदींतून काविळीच्या साथीचा माग काढला. पुढे ब्रिटनमधील फॅमिली डॉक्टरांच्या कॉलेजचे ते पहिले अध्यक्ष झाले. आज दवाखान्यांतले कागद संगणकात जात असताना आणि जुने कागद नष्ट होत असताना पिकल्स यांचे काम पुन्हा समजून घेण्याजोगे आहे.

पिकल्स कोण होते?

विल पिकल्स यांचा जन्म ६ मार्च १८८५ रोजी लीड्स शहरात झाला. वडीलही डॉक्टरच होते, त्यामुळे घरात वैद्यकीचेच वातावरण. लीड्समध्येच त्यांचे शिक्षण झाले. १९१२ मध्ये ते वेन्स्लीडेल या दरीतल्या एझगार्थ गावी बदली डॉक्टर म्हणून पहिल्यांदा आले. त्या काळी इंग्लंडमध्ये दवाखाना, म्हणजे त्याच्या रुग्णांसकट चालता व्यवसाय, विकत घेता येत असे. पिकल्स यांनी डीन डनबार या सहकारी डॉक्टरबरोबर भागीदारीत एझगार्थचा दवाखाना घेतला. पहिल्या महायुद्धात त्यांनी नौदलात डॉक्टर म्हणून सेवा केली. तो काळ सोडला, तर त्यांचे उरलेले सगळे कामकाजी आयुष्य याच दरीत गेले.

ही दरी समजून घेणे महत्त्वाचे आहे. डोंगरांच्या मधोमध विखुरलेली छोटी गावे, शेती आणि पशुपालन हा मुख्य व्यवसाय, बाहेरच्या जगाशी संबंध मोजका. पिकल्स यांना घरोघरची माणसे नावानिशी ओळखीची होती. कोण कोणाच्या लग्नाला गेले, कोणाची मुलगी कोणाकडे कामाला आहे, बाजाराच्या दिवशी कोण कोणाबरोबर होते, हे त्यांना वेगळे विचारावे लागत नसे. पुढे साथींचा अभ्यास करताना हीच ओळख त्यांचे मुख्य साधन ठरली.

नोंदी ठेवायची कल्पना कुठून आली?

दवाखान्यात पहिली दहा-बारा वर्षे पिकल्स हे इतर कोणत्याही कष्टाळू ग्रामीण डॉक्टरसारखेच होते. १९२६ मध्ये त्यांच्या वाचनात सर जेम्स मॅकेन्झी यांचे हृदयविकारांवरील पुस्तक आले आणि त्यांच्या कामाला वेगळे वळण लागले.

मॅकेन्झी हेही मूळचे फॅमिली डॉक्टर. १८७९ पासून पाव शतकाहून अधिक काळ त्यांनी बर्नली या गिरणगावात दवाखाना चालवला. हृदयविकार असलेल्या एका तरुणीचा बाळंतपणात झालेला मृत्यू त्यांच्या मनाला लागला. कोणत्या रुग्णाच्या नाडीतली गडबड धोक्याची आणि कोणाची निरुपद्रवी, हे शोधण्यासाठी त्यांनी तेच रुग्ण वर्षानुवर्षे तपासले आणि प्रत्येक वेळची नोंद ठेवली. हातातली आणि मानेतली नाडी एकाच वेळी कागदावर उमटवणारे पॉलिग्राफ हे उपकरण त्यांनी विकसित केले. १९०२ मध्ये नाडीवरील त्यांचा ग्रंथ आला आणि पुढे ते लंडनमधील नामवंत हृदयरोगतज्ज्ञ झाले. तरीही त्यांचा आग्रह कायम राहिला : रुग्णालयाला आजाराचा शेवट दिसतो, सुरुवात पाहण्याची संधी फक्त फॅमिली डॉक्टरला मिळते. १९१९ मध्ये त्यांनी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथे याच विचाराची संशोधन संस्था काढली. १९२५ मध्ये त्यांचे निधन झाले.

मॅकेन्झी यांनी जे हृदयाच्या बाबतीत केले, ते आपण साथीच्या आजारांच्या बाबतीत करू शकतो, असे पिकल्स यांना वाटले. महागडे उपकरण लागणार नव्हते. वही, पेन्सिल आणि रोजची शिस्त पुरेशी होती.

१९२९ च्या काविळीच्या साथीत काय घडले?

१९२९ मध्ये वेन्स्लीडेलमध्ये काविळीची साथ आली. सुमारे ५,७०० लोकवस्तीत २५० जणांना लागण झाली. त्या काळात या आजाराचे कारण ठाऊक नव्हते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत किती दिवस जातात, म्हणजेच आजाराचा अधिशयन काळ किती, यावरही एकमत नव्हते.

पिकल्स यांनी एकेका रुग्णाचा माग उलट दिशेने काढला. हा कोणाच्या संपर्कात आला, कधी आला, त्याआधी तो माणूस कोणाला भेटला होता? हा धागा मागे नेत नेत ते एका मोलकरीण मुलीपर्यंत पोहोचले. गावात जत्रेचा दिवस होता. त्या दिवशी सकाळी पिकल्स यांनीच तिला अंथरुणावर तपासले होते. ती दिवसभर उठू शकेल असे त्यांना वाटले नव्हते. पण तरुण मुलगी आणि गावची जत्रा! ती उठली आणि गेली. साथीची साखळी तिथून सुरू झाली.

शहरात असा माग काढणे जवळपास अशक्य होते. तिथे माणूस रोज शेकडो अनोळखी लोकांच्या जवळून जातो. दरीत मात्र एखाद्या गावच्या माणसाची दुसऱ्या गावच्या रुग्णाशी भेट झाली असेल, तर ती बहुधा एकदाच, एका ठरावीक दिवशी झालेली असे. भेटीची तारीख आणि आजारी पडल्याची तारीख दोन्ही ठाऊक असल्या की मधले दिवस मोजता येतात. असे अनेक रुग्ण जमवून पिकल्स यांनी काविळीचा अधिशयन काळ २६ ते ३५ दिवसांचा असल्याचे दाखवले. १९३० मध्ये हा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला.

या आजाराला आज आपण हिपॅटायटिस ए म्हणून ओळखतो. त्याचा विषाणू सापडला १९७३ मध्ये, म्हणजे त्या जत्रेनंतर ४४ वर्षांनी. या आजाराचा सरासरी अधिशयन काळ आज २८ दिवसांच्या आसपास मानला जातो. पिकल्स यांच्या मोजणीतच बसणारा हा आकडा आहे.

त्यांची नोंदीची पद्धत कशी होती?

पद्धत अगदी साधी होती. मोठ्या तक्त्यावर एका बाजूला गावांची नावे, दुसऱ्या बाजूला तारखा. नवा रुग्ण दिसला की त्याच्या गावासमोर, त्या तारखेच्या चौकटीत खूण. प्रत्येक आजाराला वेगळा रंग. या कामात पत्नी आणि मुलगी यांचाही हातभार असे.

एका दिवसाच्या खुणेला काहीच अर्थ नसतो. पाच-दहा वर्षांच्या खुणा शेजारी शेजारी आल्या की मात्र साथ एका गावातून दुसऱ्या गावात कशी सरकली, मध्ये किती दिवसांची शांतता होती आणि शाळा, बाजार, जत्रा यांचा तिच्याशी काय संबंध होता, हे डोळ्यांना दिसू लागते. याच पद्धतीने पिकल्स यांनी छातीत तीव्र कळा आणणाऱ्या बोर्नहोम आजाराच्या यॉर्कशायरमधील साथीचे वर्णन १९३३ मध्ये प्रसिद्ध केले. १९३५ मध्ये त्यांनी आपल्या कामाची मांडणी लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनसमोर केली. आघाडीचे साथरोगतज्ज्ञ व संख्याशास्त्रज्ञ मेजर ग्रीनवूड यांनी त्यांना पुस्तक लिहिण्यास प्रोत्साहन दिले. (यातले मेजर हे त्यांचे नाव आहे, लष्करी हुद्दा नव्हे.) १९३९ मध्ये एपिडेमिऑलॉजी इन कंट्री प्रॅक्टिस हे छोटेखानी पुस्तक आले. पुढे १९४९ मध्ये ते पुन्हा छापले गेले.

त्या पुस्तकाचा परिणाम काय झाला?

पुस्तक आले त्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले. युद्धात अनेक देशांच्या सैन्यांत काविळीच्या साथी आल्या आणि अधिशयन काळाचा प्रश्न एकाएकी निकडीचा झाला. १९४२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने पिकल्स यांना मानाच्या मिलरॉय व्याख्यानांसाठी बोलावले. खेड्यातल्या डॉक्टरसाठी हा मोठा सन्मान होता.

दूरचा परिणाम त्याहून मोठा. एडगर होप-सिम्पसन या दुसऱ्या ग्रामीण डॉक्टरला पिकल्स यांच्या कामातून प्रेरणा मिळाली. त्यांनी सायरन्सेस्टर येथील आपल्या दवाखान्यात वर्षानुवर्षे नागिणीच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. लहानपणी कांजिण्या झाल्यावर शरीरात दबा धरून बसलेला विषाणू पुढे जागा होतो आणि नागीण होते, ही मांडणी त्यांनी १९६५ मध्ये केली. ती पुढे खरी ठरली. मॅकेन्झी, पिकल्स आणि होप-सिम्पसन या तिघांच्या शोधांमागे एकच गोष्ट आहे : तीच माणसे, तोच डॉक्टर आणि न चुकता ठेवलेली नोंद.

कॉलेजचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे कसे आले?

१९४८ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि प्रत्येक कुटुंब एका फॅमिली डॉक्टरशी जोडले गेले. पण या डॉक्टरांचा दर्जा मात्र खालावलेला मानला जात होता. १९५० मध्ये जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अनेक दवाखान्यांच्या दुरवस्थेचे कठोर चित्र होते. फिजिशियन आणि सर्जन यांची कॉलेजे शतकानुशतके जुनी. फॅमिली डॉक्टरांचे स्वतंत्र कॉलेज काढण्याचा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातला प्रयत्न फसला होता. अखेर जॉन हंट, फ्रेझर रोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या कॉलेजांचा विरोध पत्करून नोव्हेंबर १९५२ मध्ये कॉलेज स्थापन केले.

पहिला अध्यक्ष म्हणून १९५३ मध्ये पिकल्स यांची निवड झाली आणि १९५६ पर्यंत ते या पदावर होते. ही निवड बोलकी होती. फॅमिली डॉक्टर म्हणजे तज्ज्ञ होऊ न शकलेला डॉक्टर, असा समज तेव्हा रूढ होता. त्याला उत्तर म्हणून लंडनचा कोणी बडा डॉक्टर पुढे न करता, खेड्यात राहून मूळ संशोधन केलेला माणूस पुढे केला गेला. कॉलेजला पुढे रॉयल हे बिरुद मिळाले. कॉलेजने त्यांच्या नावाची व्याख्यानमालाही सुरू केली. १९५७ मध्ये पिकल्स यांना सीबीई हा किताब मिळाला. सत्तरी ओलांडल्यावरही त्यांचा दवाखाना सुरूच होता. २ मार्च १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. दुसऱ्याच वर्षी जॉन पेम्बर्टन यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले.

मग आज प्रश्न काय आहे?

पिकल्स यांचे काम टिकले, कारण ते छापले गेले. पण त्यांच्याच काळात हजारो डॉक्टर रोजनिशा, भेटींच्या वह्या, औषधांचे आणि उधारीचे हिशेब लिहीत होते. त्यांतून त्या त्या गावातले आजार, गरिबी, बाळंतपणे, फी माफ केलेली घरे सारे कळले असते. यातले बहुतेक कागद दवाखाना विकताना किंवा घर रिकामे करताना संपले. फॅमिली डॉक्टरांच्या कॉलेजने आपल्या स्थापनेची कागदपत्रे, डॉक्टरांचे खासगी कागद आणि जुनी उपकरणे यांचा संग्रह जपला आहे. मात्र एक संस्था सगळ्या दवाखान्यांची कपाटे सांभाळू शकत नाही.

रुग्णांच्या नोंदींचा प्रश्न आणखी वेगळा. ब्रिटनमध्ये १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानंतर रुग्णाच्या नोंदी एका छोट्या पाकिटात ठेवण्याची पद्धत रुळली. तेव्हाचे अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांच्या नावाने ती पाकिटे ओळखली जातात. रुग्णाने डॉक्टर बदलला की पाकीट नव्या डॉक्टरकडे जाते. रुग्णाच्या मृत्यूनंतर साधारण दहा वर्षे नोंद जपायची आणि मग ती नष्ट करायची, असा इंग्लंडमधील सर्वसाधारण नियम आहे. अलीकडे ही पाकिटे स्कॅन करून मूळ कागद निकाली काढण्याचे काम सुरू झाले. दवाखान्यांना जागा हवी आहे, तर इतिहासकारांना कागद हवे आहेत.

गोपनीयतेचे काय?

सगळे जपून ठेवा, असे म्हणणे सोपे आहे. पण फॅमिली डॉक्टरच्या वहीत माणसाची सर्वांत खासगी माहिती असते. ती त्याने इतिहासासाठी सांगितलेली नसते, बरे होण्यासाठी सांगितलेली असते. त्यामुळे अनेक अभिलेखागारे वैद्यकीय नोंदी शंभर वर्षांपर्यंत बंद ठेवतात. रुग्णाचा विश्वास मोडून जमवलेला संग्रह शेवटी वैद्यकीच्याच मुळावर येईल.

इथेही पिकल्स यांच्या तक्त्यांतून एक वाट दिसते. साथ समजण्यासाठी त्यांना गाव, तारीख आणि संपर्क एवढेच कागदावर हवे होते. जत्रेला गेलेल्या त्या मुलीचे नाव ठाऊक नसतानाही तिच्यापासून सुरू झालेली साखळी आज आपल्याला कळते. म्हणजे नावे गाळूनही इतिहास उरू शकतो. मात्र काय ठेवायचे आणि काय गाळायचे, हे दवाखाना सुरू असताना, त्या नोंदी वाचता येणारा डॉक्टर हाताशी असतानाच ठरवावे लागते. कपाट रिकामे झाल्यावर निवडायला काहीच उरत नाही.