आबे फारिया : झोपेचे गूढ उकलणारा गोमंतकीय

वसईच्या किल्ल्यातील पडकी चर्चे पाहिली की आपल्याला पोर्तुगीजांची राजवट आठवते. पण त्याच राजवटीत जन्मलेल्या एका गोमंतकीय पाद्र्याने युरोपला मनाचे शास्त्र शिकवले, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई घेतली. त्यानंतर सतरा वर्षांनी, १७५६ मध्ये, बारदेशातील कांदोळी गावी जोसे कुस्तोदियो द फारिया यांचा जन्म झाला. आईवडिलांचे पटले नाही. दोघे विभक्त झाले. वडील पाद्री झाले, आई मठात गेली. १७७१ साली वडिलांनी मुलाला लिस्बनला नेले. रोममध्ये धर्मशास्त्र शिकून १७८० साली फारिया पाद्री झाले.

लिस्बनला राणीपुढे प्रवचन देताना त्यांची वाचाच बसली. तेव्हा वडिलांनी हळूच कोकणीत सुचवले, की समोर सगळी भाजीच आहे, खुशाल कापून काढ. आणि फारिया धडाधड बोलू लागले! ही दंतकथा असेलही. पण वक्तृत्व स्पर्धेत ज्याचे पाय लटपटले आहेत त्याला ती खोटी वाटणार नाही.

१७८८ साली ते पॅरिसला गेले. क्रांतीची धामधूम, पुढे तत्त्वज्ञानाची प्राध्यापकी, हे सारे झाले. त्यांचे खरे कार्य सुरू झाले ते मात्र १८१३ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. पाच फ्रँक शुल्क घेऊन ते संमोहनाचे जाहीर प्रयोग करू लागले. माणसाला खुर्चीत बसवून डोळे मिटायला व झोपेवर चित्त एकाग्र करायला सांगत. मग भारदस्त आवाजात झोपण्याची आज्ञा देत. त्याआधी मेस्मर नावाच्या डॉक्टरने सांगितले होते, की वैद्याच्या शरीरातून चुंबकासारखा एक प्रवाह रोग्यात जातो. फारियांनी हा प्रवाह साफ नाकारला. झोप लागते ती झोपणाऱ्याच्याच मनामुळे. प्रयोग करणारा केवळ निमित्त, असे त्यांचे मत होते.

माझ्या आजीची डोकेदुखी भगताच्या अंगाऱ्याने थांबते. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून सगळे मला विचारतात की अंगाऱ्यात असते तरी काय? फारियांनी सांगितले असते, की अंगाऱ्यात काही नाही, जे आहे ते आजीत आहे.

स्वतःकडे दैवी शक्ती आहे असे सांगितले असते तर फारिया श्रीमंत झाले असते. त्यांनी तसे केले नाही. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन भर सभेत त्यांची फजिती केली. १८१६ साली त्यांची टिंगल करणारे नाटकही रंगभूमीवर आले. प्रेक्षक पांगले. उरलेले दिवस त्यांनी जोगिणींच्या मठात धर्मोपदेशक म्हणून काढले. १८१९ साली त्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड निघाला आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला ते वारले. पुढचे खंड निघालेच नाहीत.

पुढे फ्रान्समधील नान्सी येथील लिएबो व बर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेच्या बळावर रोग्यांवर उपचार केले, तेव्हा कुठे जाणकारांना फारियांचे मोल कळले.

पणजीत त्यांचा पुतळा १९४५ साली उभा राहिला. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत. कोसळणाऱ्या स्त्रीवर फारियांनी हात पसरले आहेत. पुतळा देखणा आहे. पण सारी शक्ती त्या हातांतूनच वाहते आहे असा भास होतो. फारियांना ते मुळीच रुचले नसते.