पेटीचा आवाज ठरवतं कोण, बोटं की भाता? गोविंदराव टेंबे यांची गोष्ट

चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात आज नाट्यपद रंगात आलं आणि पेटी गायकावर चढली, तर साउंड सिस्टीमवर बसलेला माणूस तिचा आवाज कमी करतो. शंभर वर्षांपूर्वी मराठी रंगभूमीवर माईक नव्हते. हे काम वाजवणाऱ्याचे कान आणि हात करायचे. त्या काळातल्या पेटीवादकांत गोविंदराव टेंबे यांचं नाव आघाडीवर होतं.

टेंबे यांचा जन्म 1881 साली कोल्हापूर परिसरात झाला. पेटीवर त्यांनी हात बसवला तो बराचसा स्वतःच्या मेहनतीनं. कान मात्र घडला मोठ्या गवयांच्या सहवासात. भास्करबुवा बखले यांना त्यांनी साथ केली. अल्लादिया खाँ यांच्या गायकीचाही त्यांच्यावर मोठा प्रभाव होता.

पियानो आणि पेटीत फरक काय?

पियानोची पट्टी जितक्या वेगानं दाबाल, तितक्या वेगानं आतली हातोडी तारेवर आदळते आणि आवाज वाढतो. जोरात वाजवलेला सूर नुसता मोठा नसतो, तो जास्त धारदारही असतो. म्हणूनच रेकॉर्डिंगचा आवाज कमी केला, तरी तो सूर जोरात वाजवलाय हे जाणत्या कानाला कळतं.

पेटीची पट्टी फक्त हवेची वाट उघडते. ती कितीही आपटली तरी आवाज वाढत नाही, खडखड तेवढी ऐकू येते. आवाज लहान-मोठा होतो भात्यातल्या हवेच्या दाबानं. सूर उजव्या हाताचे, पण ते किती मोठे हे डाव्या हाताच्या हाती. गायक मंद्र सप्तकात उतरला की भाता हलका व्हायला हवा, नाहीतर शब्द बुडतात.

रंगभूमीवरून बोलपटात

1911 मध्ये आलेल्या ‘मानापमान’ नाटकाला टेंबे यांचं संगीत होतं. 1913 मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. नाटकात गाणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावं लागे.

1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ या प्रभातच्या बोलपटात गणित बदललं. टेंबे त्यात हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांचंच होतं. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं, नट कॅमेऱ्यासमोरच गात. कुठलं वाद्य किती मोठं ऐकू येणार, हे ते माईकपासून किती लांब आहे यावरही ठरत असे. शेवटच्या रांगेचा अंदाज घेणाऱ्या कानाला आता हातभर अंतरावरच्या माईकचा विचार करावा लागला.

मग रेडिओनं पेटीलाच दार बंद केलं. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओनं तिच्यावर बंदी घातली. आक्षेप आवाजाच्या मोठेपणावर नव्हता. पेटीचे सूर ठरलेले असतात, तिच्यावर मींड काढता येत नाही, हे कारण होतं. भाता आवाज कमी-जास्त करतो, पण दोन सुरांमधली जागा भरू शकत नाही.

1955 मध्ये टेंबे गेले, तेव्हा बंदी कायम होती. ती शिथिल व्हायला 1971 उजाडलं.