ऑर्गनचे सूर, रुग्णांची सेवा

आल्बर्ट श्वाइट्झर यांचा जन्म १४ जानेवारी १८७५ रोजी युरोपातील अल्सेस प्रांतात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. चर्चमध्ये वाजविल्या जाणाऱ्या ऑर्गन या भव्य वाद्याचा छंद त्यांना बालपणीच जडला. पुढे तत्त्वज्ञ आणि निष्णात वादक म्हणून त्यांची कीर्ती दूरवर पसरली.

आफ्रिकेतील रुग्णांची हलाखी वाचून त्यांचे अंतःकरण द्रवले. वयाच्या तिसाव्या वर्षी त्यांनी वैद्यकाचा अभ्यास आरंभिला आणि १९१३ मध्ये गॅबनमधील लांबारेने येथे सपत्नीक जाऊन रुग्णालय उघडले. या सेवेसाठी प्रिय कलेचा त्याग करण्याचीही त्यांची तयारी होती. परंतु पॅरिसच्या बाख संस्थेने त्यांना दमट हवेत टिकेल असा, ऑर्गनप्रमाणे पायपट्ट्या असलेला पियानो भेट दिला. दिवसभराच्या श्रमानंतर ते त्यावर सराव करीत.

पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून १९१७ मध्ये त्यांना बंदी करून फ्रान्सला नेण्यात आले. रुग्णालय ओस पडले. डोक्यावर कर्ज उरले. तेव्हा तोच सराव कामी आला. १९२० साली स्वीडनमध्ये व्याख्याने देऊन व ऑर्गन वाजवून त्यांनी ऋण फेडण्यापुरते धन मिळविले. १९२४ साली परतून त्यांनी मोडकळीस आलेले रुग्णालय पुन्हा उभारले. पुढेही युरोपात आले की ते रुग्णांसाठी ऑर्गन वाजवीत.

४ सप्टेंबर १९६५ रोजी लांबारेने येथेच त्यांनी देह ठेवला. जी कला सोडण्यास ते सिद्ध झाले होते, तीच दीनांचा आधार झाली.