एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे जोशुआ स्लोकम

मला थोर माणसांची चरित्रे फार आवडतात. गुरुजींनी वर्गात जोशुआ स्लोकम यांची गोष्ट सांगितली. ती मी इथे लिहितो.

स्लोकम यांचा जन्म २० फेब्रुवारी १८४४ रोजी कॅनडातील नोव्हा स्कॉशिया येथे झाला. त्यांचे वडील बूट बनवीत. दहाव्या वर्षी स्लोकम यांची शाळा सुटली व त्यांना बूट शिवायला बसवले. मी पण दहाच वर्षांचा आहे. पण त्यांचे सारे मन समुद्राकडे! चौदाव्या वर्षी ते घरातून पळाले आणि मासेमारीच्या जहाजावर स्वयंपाकी झाले. पुढे ते मोठ्या जहाजांचे कप्तान झाले.

नंतर वाफेची जहाजे आली. शिडाच्या जहाजांना काम मिळेना. तेव्हा एका म्हाताऱ्या कप्तानाने त्यांना एक जुनी नाव दिली. ती शेतात सडत पडली होती. तेरा महिने राबून त्यांनी ती नवी केली. तिचे नाव स्प्रे. लांबी फक्त ३७ फूट.

२४ एप्रिल १८९५ रोजी ते बॉस्टनहून एकटेच निघाले. त्यांना पोहतासुद्धा येत नव्हते! स्वयंपाक करणे, शिडे शिवणे, सगळे तेच करायचे. एक डॉलरचे घड्याळ होते, ते पण फुटक्या तबकडीचे. सुकाणू बांधून ठेवले की नाव आपली आपण सरळ जायची. हिंदी महासागरात २३ दिवसांत २७०० मैल गेले, तेव्हा सुकाणू धरावे लागले फक्त तीन तास. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला लुटारूंची भीती होती. म्हणून झोपताना ते डेकवर खिळे पसरायचे. रात्री अनवाणी लुटारू चढले आणि ओरडतच पळाले. आम्ही सगळे लई हसलो.

पण सुरुवातीला त्यांना फार एकटे वाटले. बोलायला कोणीच नाही. मग ते स्वतःलाच मोठ्याने हुकूम द्यायचे आणि गाणी म्हणायचे.

२७ जून १८९८ रोजी ते न्यूपोर्टला परत आले. ४६,००० मैल झाले होते. एकट्याने शिडाच्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिलेच. १९०० साली त्यांचे पुस्तक निघाले. १९०९ च्या सुमारास ते पुन्हा स्प्रे घेऊन निघाले, ते परत आलेच नाहीत. त्याचे मला वाईट वाटले.

माझे आईबाबा दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मी आजीजवळ राहतो, म्हणजे माझी शाळा सुटत नाही. आजी लवकर झोपते. मग मला करमत नाही. आता मी पण मोठ्याने पाढे म्हणतो. तेवीसपर्यंत पाठ झाले.