बोलीचे खाते उघडणारा साहेब

वाशीमला बँकेत अधिकारी असताना एका शेतकऱ्याच्या कर्जाच्या अर्जावर मी बैलजोडी लिहिली. त्याला हवी होती विहीर. माझ्या पुस्तकी मराठीतल्या प्रत्येक प्रश्नाला तो भिडेपोटी मान डोलावत होता. बाकावर शेजाऱ्याशी ‘मले-तुले’ करीत मोकळा बोलणारा माणूस टेबलापुढे आला की मुका होई. तेव्हापासून मला जॉर्ज अब्राहम ग्रियर्सन या साहेबांविषयी कुतूहल वाटू लागले.

त्यांचा जन्म ७ जानेवारी १८५१ चा, आयर्लंडमधील डब्लिनजवळचा. ट्रिनिटी कॉलेजात शिकले गणित, पण रॉबर्ट ॲटकिन्सन या प्राध्यापकांनी संस्कृतची गोडी लावली. १८७३ मध्ये ते सनदी नोकर म्हणून बंगाल इलाख्यात आले. बिहारमध्ये कारभार करता करता त्यांनी नांगर, बैलगाडी, घरातली भांडीकुंडी यांची गावकऱ्यांच्या तोंडची नावे जमवली. १८८५ मध्ये त्यांचा जाडजूड ग्रंथ झाला.

१८९८ मध्ये भारतीय भाषांच्या पाहणीची सूत्रे त्यांच्याकडे आली. जिल्ह्याजिल्ह्यांतून त्यांनी तीन गोष्टी मागवल्या: बायबलमधील उधळ्या मुलाच्या कथेचे स्थानिक बोलीतले रूप, त्याच बोलीतली एखादी हकिगत किंवा गाणे आणि २४१ शब्द-वाक्यांची यादी. पुढे इंग्लंडात कॅम्बर्लीच्या घरी बसून ते हे कागद तपासत राहिले. मराठीचा सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. तो नॉर्वेचे पंडित स्टेन कोनो यांनी सिद्ध केला. त्यात आपल्या वऱ्हाडीचे व्याकरण आहे. बंजारा बोली १९०७ च्या दुसऱ्या एका खंडात आली. योगायोग असा, की त्याच १९०५ मध्ये वाशीम जिल्हा मोडला गेला. तो पुन्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. मधल्या काळात जिल्हा नकाशावर नव्हता, बोली मात्र कागदावर होती.

एक उणीव राहिली. सांगितलेली कथा म्हणजे गप्पा नव्हेत. गप्पांत एकाचे अर्धे वाक्य दुसरा पुरे करतो, मध्ये हुंकार येतात, कधी नुसते गप्प बसणेही बोलते. ते टिपायला ध्वनिफीत यावी लागली. १९६० च्या दशकात अमेरिकेत हार्वे सॅक्स यांनी टेलिफोनवरची संभाषणे तशी बारकाईने अभ्यासली.

ग्रियर्सन यांचे काम १९२८ मध्ये पुरे झाले. हिशेबात १७९ भाषा आणि ५४४ बोली भरल्या. ९ मार्च १९४१ रोजी, नव्वदीत, ते वारले.

तो विहिरीचा अर्ज मी फाडला आणि नवा कागद घेऊन मोडक्यातोडक्या वऱ्हाडीत पुन्हा विचारले. तो आधी हसला, मग बोलू लागला. पाच मिनिटांच्या कामाला अर्धा तास लागला. विहीर किती खोल, पाणी कधी आटते, नातीची फी किती, सगळे निघाले. रांग खोळंबली खरी, पण त्या दिवशी अर्ज बरोबर भरला गेला.