रंगांचा उमराव
फ्लॉरेन्सच्या उमराव घराण्यातील वैमानिकाने स्त्रियांचे कपडे बेतावेत, हे त्या काळी कुळाला शोभणारे नव्हते. एमिलिओ पुच्ची (१९१४-१९९२) यांनी नेमके तेच केले. तत्पूर्वी १९४४ मध्ये मुसोलिनीची कन्या एड्डा हिला स्वित्झर्लंडला निसटण्यास मदत केल्याबद्दल त्यांनी गेस्टापोचा छळ सोसला होता. युद्धानंतर मात्र आले ते रंग! सिएना शहरातील ‘पालिओ’ या घोड्यांच्या शर्यतीत फडकणारी वस्त्यावस्त्यांची निशाणे १९५७ मध्ये त्यांच्या रेशमी वस्त्रांवर उमटली आणि रॅम्पवर अवतरली. गुलाबीला नारिंगी खेटलेला, निळ्याला पोपटी. तरीही डोळ्यांना खुपणारे काही नाही. १९६२ मध्ये मेरिलिन मन्रोचे दफन झाले, तेही पुच्चींच्या हिरव्या पोशाखात. नक्षीत गुंफलेली सही मात्र केवळ ‘एमिलिओ’. घराण्याचे नाव तिथे नसे.